मापातलं पाणी

वणीत सकाळी पुसलेली लादी दुपारपर्यंत काळी होते. कोळशाच्या गाड्या गावाला वळसा घालून जातात, पण धूळ काही वळसा घालत नाही, ती सरळ घरात येते. कौसल्या ढवसच्या घरात तर ती दोन वाटांनी यायची, एक खिडकीतून आणि दुसरी नवऱ्याच्या कपड्यांवरून. नागोराव सव्वीस वर्षं कोळशाची गाडी चालवत होते, खाणीतून रेल्वेच्या साइडिंगला आणि साइडिंगवरून परत खाणीला. कंबर भरून यायची, म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून खायचे, दिवसाला दोन, जास्त खेपा असल्या तर चार. बिडी नाही, दारू नाही, खर्रा नाही. असा ड्रायव्हर दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, आणि नेमक्या त्याच्याच किडन्या गेल्या.

डॉक्टरांनी त्या गोळ्यांकडे बोट दाखवलं. कौसल्येला ते पटलं नाही. गोळी म्हणजे औषध, आणि औषधानं माणूस बरा होतो, आजारी पडत नाही, इतकं साधं तिचं म्हणणं होतं. ती सातवी पास होती, गल्लीतल्या बचत गटाची सचिव होती, आणि एकदा तिच्या डोक्यात बसलेली गोष्ट बाहेर काढणं गटातल्या बारा जणींना मिळूनही जमत नसे.

मंगळवार आणि शुक्रवार हे डायलिसिसचे वार ठरले. चार खाटा, चार मशिनी आणि बाहेर एक लांब बाक, एवढंच ते केंद्र. मशीन चालवणारा अतुल पांढरकवड्याचा, वय असेल तिशीचं. मोठे डॉक्टर येऊन जाऊन असत, पण पेशंटच्या घरच्यांशी बोलायचा तो अतुलच. त्यानं पहिल्याच दिवशी कौसल्येला समोर बसवून सगळं पाठ करून घेतलं. केळी बंद, संत्री-मोसंबी बंद, नारळपाणी बंद, कोणत्याही फळाचा रस बंद. भाजी चिरून उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. आणि पिण्याचं पाणी दिवसाला एक लिटर, चहा त्यातच धरायचा. सकाळी लिटरची बाटली भरून ठेवायची, ती संपली की दिवस संपला.

कौसल्येनं हे सगळं देवाचं व्रत पाळावं तसं पाळलं. बाटलीवर तिनं नेलपॉलिशनं रेघा ओढल्या आणि वाटीनं मोजून पाणी दिलं. वणीचा मे महिना, पारा सेहेचाळीसवर, कूलरसुद्धा गरम हवा फेकत असलेला, आणि नागोराव खाटेवर पडून ओठांवरून ओलं फडकं फिरवत असायचे. कधी कधी ते फडकं चोखायचे. ती पाहायची आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची, पण वाटीभर जास्त दिलं नाही. दर खेपेला केंद्रात वजन व्हायचं, दोन डायलिसिसच्या मध्ये किती पाणी अंगात साचलं ते त्यावरून कळतं. नागोरावांचं वजन कधी दोन किलोच्या वर वाढलं नाही. अतुल बाकीच्यांना सांगायचा की माप ठेवावं तर या काकूंसारखं. कौसल्या खाली मान घालून ऐकायची, पण ऐकायला तिला आवडायचं. तिच्या हातात दुसरं काय होतं?

एन्झाइम तिच्या घरात आलं ते लादीसाठी. गटाच्या प्रशिक्षणात विमलताईंनी शिकवलं होतं. एक वाटा गूळ, तीन वाटे फळांची सालं, दहा वाटे पाणी, प्लास्टिकच्या ड्रममध्ये घालायचं आणि तीन महिने सावलीत ठेवायचं. पहिला महिनाभर रोज सकाळी झाकण सैल करून हवा काढायची, नाहीतर ड्रम फुगून फुटतो. बसस्टँडवरचा ज्यूसवाला मोसंबीची सालं फुकट द्यायचा, उलट घेऊन जातात म्हणून बरंच वाटायचं त्याला. तीन महिन्यांनी गाळलं तर चहाच्या रंगाचं, आंबट वासाचं पाणी निघालं. त्यानं कौसल्येनं मोरीची लादी घासली आणि खाली मूळचा पांढरा रंग आहे हे तिला लग्नानंतर पहिल्यांदा कळलं. फिनाइलनं न निघालेला कोळशाचा थर या पाण्यानं निघाला होता. गल्लीतल्या बाया बाटल्या घेऊन दारात आल्या. त्यांना एन्झाइम म्हणता यायचं नाही, त्या इंजाम म्हणायच्या.

इथपर्यंत सगळं बरं होतं. विमलताईंनी बजावूनही सांगितलं होतं की हे लादीला, संडासाला, भांड्याला, पोटाला नाही. पण मोबाइलला एकदा कळलं की तुम्हाला काय आवडतं, की तो पाठ सोडत नाही. कौसल्येच्या मोबाइलवर एकापाठोपाठ एक व्हिडिओ यायला लागले. पांढरी साडी नेसलेली एक बाई फळं आणि गूळ काचेच्या बरणीत थरावर थर रचायची, तीन महिने आंबवायची आणि मग ते प्यायला सांगायची. साखर जाते, सांधे सुटतात, किडनीतली घाण धुऊन निघते, असं ती हसत हसत म्हणायची. वर असंही म्हणायची की हा रस नव्हे, हा अर्क आहे. पी हळद अन् हो गोरी, ही म्हण कौसल्येला ठाऊक नव्हती असं नाही. दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर तिनंच ती तोंडावर फेकली असती. पण तिची मोरी पांढरी झाली होती ना, ती तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. किडनी म्हणजे शरीराची मोरीच, असं अतुलनंच एकदा समजावून सांगताना म्हटलं होतं. जे पाणी सव्वीस वर्षांचा कोळसा काढतं, ते दोन मुठीएवढ्या मांसातली घाण काढणार नाही?

तिनं पिण्याची बरणी वेगळी केली. सालं नाहीत, चांगली फळं. मोसंबी, संत्री, पपई, आवळा, वर काळा गूळ. रोज आंघोळ करून, लाकडी पळीनं ढवळायची, वर साय आली तर काढायची, बरणीच्या तोंडाला धुतलेलं मलमल बांधायची. पहिली बरणी तयार झाली ती दिवाळी सरताना. आता प्रश्न मापाचा होता. लिटरच्या वर एक थेंब जाता कामा नये, हा तिचा नेम. म्हणून तिनं दोन वाट्या साधं पाणी कमी केलं आणि त्या जागी दोन वाट्या एन्झाइम बसवलं. बाटली तेवढीच, रेघा तेवढ्याच.

नागोराव पहिली वाटी प्याले आणि त्यांनी ती बराच वेळ तोंडाजवळ धरून ठेवली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या जिभेला काही आंबटगोड लागलं होतं. त्यांची तहान भागली. त्यांना नाव घेता यायचं नाही, ते म्हणायचे, तुह्यं ते पाणी दे. मग घरात त्याचं नावच पाणी पडलं. साधं ते नळाचं, आणि पाणी म्हणजे बरणीतलं.

चार-सहा आठवड्यांत त्यांच्या तोंडावर तकाकी आली. ते दारात खुर्ची टाकून बसायला लागले, जाणाऱ्या ड्रायव्हरांना हाका मारायला लागले. पांढरकवड्याला दिलेली लेक निशिगंधा येऊन पाहून गेली आणि बाबा सुधारले म्हणून आनंदानं रडली. केंद्राच्या बाकावरही बोलणं झालं. बसंतीबाई नावाची तांड्यावरची एक बाई तिथं आपल्या लेकाला, देवीलालला, घेऊन यायची. तिनं नागोरावांकडे पाहून विचारलं की काय खाऊ घालते बाई. कौसल्या नुसती हसली. तिला वाटलं, सांगितलं तर दृष्ट लागेल.

उन्हाळा लागला तेव्हा रक्ताच्या रिपोर्टात पोटॅशियम वाढलेलं आलं. पाचच्या आत हवं ते सहाच्या वर गेलं होतं. फळांतून येणारं पोटॅशियम किडनीला बाहेर टाकता आलं नाही, तर ते रक्तात साचून हृदय बंद पाडू शकतं. अतुलनं कौसल्येला आत बोलावलं आणि एकेक विचारलं. केळी? नाही. संत्री, मोसंबी? नाही. नारळपाणी? नाही. रस?

"दोन वर्सं झाले, रसाचा थेंब नाई देल्ला भाऊ. पोरीची शप्पथ."

ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणाऱ्या माणसाला पकडता येतं, कौसल्येला कोण पकडणार? पाणी मापात आहे का, असंही अतुलनं विचारलं, आणि ती म्हणाली लिटरच्या वर नाही. वजनाच्या काट्यानंही तेच सांगितलं. डॉक्टरांनी पोटॅशियम उतरवायची पावडर लिहून दिली, पाण्यात कालवून घ्यायची. पावडरची चव मातीसारखी लागायची. नागोराव तोंड वाकडं करायचे, म्हणून कौसल्या ती एन्झाइममध्ये कालवून द्यायची.

मग त्यांच्या पायांतलं बळ जायला लागलं. खुर्चीवरून उठताना मांड्या थरथरायच्या, बोटांना मुंग्या यायच्या. इतके महिने चढत आलेला माणूस उतरायला लागला, म्हणजे आपलंच कुठं तरी कमी पडतंय, असं कौसल्येनं धरलं. तिनं साध्या पाण्याच्या आणखी दोन वाट्या कमी केल्या. शेवटच्या आठवड्यात तर बाटलीत नळाचं पाणी नावालाच होतं. नागोराव एकदा म्हणाले होते, पाय माहे नाईत असे वाटतात. ती म्हणाली, पाणी घ्या, म्हणजे बरं वाटेल, आणि त्यांनी घेतलं. तिच्या हातून त्यांनी कधी काही नाकारलं नव्हतं.

शुक्रवारचं डायलिसिस झालं होतं आणि मंगळवार यायचा होता. सोमवारी दुपारी चारच्या सुमाराला नागोराव दारातल्या खुर्चीवर बसले होते. कौसल्येनं वाटी आणून दिली, त्यांनी ती रिकामी करून परत दिली. ती वाटी विसळून बाहेर आली तेव्हा त्यांची मान छातीवर आली होती. रिक्षा आली, शेजारी आले, दवाखाना झाला, पण जे व्हायचं ते खुर्चीतच होऊन गेलं होतं. हार्ट अटॅक, असं कागदावर आलं.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. कपाटात उरलेल्या पावडरच्या पुड्या होत्या, न फोडलेली इंजेक्शनं होती. कोणा गरिबाला कामी येतील, म्हणून कौसल्या एका शुक्रवारी ती पिशवी घेऊन केंद्रात गेली. अतुलनं तिला आपल्या टेबलापाशी बसवलं. त्यालाही वाईट वाटलं होतं, वाटणारच, दोन वर्षांचा सहवास होता. इतकं माप पाळणारं घर, तरी असं कसं झालं, हे त्याला सुटत नव्हतं. त्या दिवशी काय खाल्लं होतं, त्यानं विचारलं. ती म्हणाली की सकाळी अर्धी भाकर, उकळलेली भाजी, आणि दिवसभर पाणी. मग तिला वाटलं की आता लपवायचं काय, आता दृष्ट लागायला कोण उरलंय.

"साधं पाणी तर ते अखरीले पेतच नव्हते," ती म्हणाली. "बरणीतलंच पेत. एन्झाइम."

त्यात काय घालता, अतुलनं विचारलं. तिनं सांगितलं. मोसंबी, संत्री, पपई, आवळा, गूळ. किती दिवसांपासून? दिवाळीपासून. दिवसाला किती? तिनं वाट्या सांगितल्या आणि पुढं घाईनं म्हणाली की पण मापातच, लिटरच्या वर थेंब नाही. अतुल टेबलावरच्या काचेकडे पाहत राहिला. त्याच्या हातातलं पेन तसंच उघडं राहिलं. मग तो म्हणाला, "नाही काकू. त्यानं नाही झालं. हार्टचं काही सांगता येत नाही."

तीस वर्षं संसार केलेल्या बाईला पुरुष कधी खोटं बोलतो ते कळतं. मग हा तर पोरगा होता आणि दयेनं बोलत होता, त्यामुळं अजूनच कळलं. ती उठली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. दार अर्धं उघडं होतं. आत अतुल पहिल्या खाटेपाशी गेला आणि विचारायला लागला की घरी आंबवलेलं काही पिता का, अर्क, एन्झाइम, कोणी पाणी म्हणून देतं असं काही? मग दुसऱ्या खाटेपाशी. मग तिसऱ्या. सगळीकडून नाही, नाही असं येत होतं. प्रत्येक नाही कौसल्येला स्वतःच्या आवाजात ऐकू येत होतं.

मोसंबी गुळात तीन महिने ठेवली म्हणून ती मोसंबी राहिली नाही, हे आपल्याला कोणी सांगितलं होतं? त्या पांढऱ्या साडीतल्या बाईनं सांगितलं, आणि आपण मानलं, कारण मानायचं होतं. रसाचा थेंब दिला नाही अशी पोरीची शपथ घेतली आणि घरी येऊन वाटी भरली. शेवटची वाटीसुद्धा याच हातानं भरली. तिला आपल्या हातांची किळस आली. ती ते पदराखाली घेऊन बसली.

तेवढ्यात बसंतीबाई आतून बाहेर आली. ती बाकावर जवळ सरकून बसली, नागोरावांबद्दल दोन शब्द बोलली, डोळे पुसले. मग हळूच म्हणाली की मघाशी टेबलापाशी बोलताना कानावर आलं ते बरणीतलं पाणी कसं करायचं ते तिला सांगावं. अतुलभाऊ आत ज्याला त्याला तेच विचारतोय, म्हणजे ते कामाचंच असणार, आपल्याकडंच तेवढं नाही.

"त्यानंच मेले ते, बसंतीबाई," कौसल्या म्हणाली. "माह्या हातानं मेले."

"असं नोको बोलू बाई. दुखात मानूस सोताले खाते. म्या पाह्यलं न त्यायले. कसे लाल झालते तोंडावर."

कौसल्येनं तिला समजावायला सुरुवात केली. आधी दोन वाट्या देत होते, मग चार केल्या, शेवटी सगळी बाटली तीच. फळं एवढी, गूळ एवढा, दिवस इतके. ती सगळं सांगत गेली, काही ठेवलं नाही, आणि सांगता सांगता तिचं लक्ष बसंतीबाईच्या हाताकडं गेलं. बसंतीबाई अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत होती. ओठ हलत होते. तिला लिहिता येत नव्हतं, ती पाठ करत होती.

"अन् गूळ काळा पायजे का कोनताबी चालते?" बसंतीबाईनं विचारलं.

कौसल्या उठली. तिनं बसंतीबाईचा तो पेरं मोजणारा हात धरला आणि तिला ओढतच आत नेलं. अतुल म्हणाला, काकू, बाहेर बसा, पण ती खाटांच्या मधोमध उभी राहिली. चारही मशिनी चालू होत्या. देवीलालनं उशीवरून मान वळवली. ज्या बाया आणि पुरुष आपापल्या माणसाच्या उशाशी बसले होते ते सगळे तिच्याकडे पाहायला लागले. तिचा आवाज फुटला तो गरजेपेक्षा मोठा.

"तुमी मले सगळे ओळखता. दोन वर्सं हा भाऊ तुमाले माह्यं माप दाखवून राह्यला. माप बरोबर होतं. मापात काय होतं ते म्या कोनाले सांगतलं नाई. फळायचा रस होता. पानी म्हनून म्या माह्या मालकाले सहा महिने रस पाजला, अन् त्यानं ते मेले. तुमच्यापैकी कोनी पाजत असन तर लाजू नोका. आत्ताच सांगा."

बसंतीबाईनं अतुलकडे पाहिलं, तो आता तरी ही बाई वेडी झाली असं म्हणेल म्हणून. या खेपेला अतुल नाही म्हणाला नाही. तो खाली पाहत उभा होता. बसंतीबाईचा हात कौसल्येच्या हातात गार पडला, आणि तिनं तो सोडवून घेतला नाही.

तिसऱ्या खाटेवर एक म्हातारा होता, डोळे मिटून पडलेला. त्याची सून मघाशी अतुलला नाही म्हणाली होती. ती उठली, खाटेखालची पिशवी ओढली, कपड्यांच्या घडीतून एक बाटली काढली आणि अतुलच्या हातात दिली. आतलं पाणी चहाच्या रंगाचं होतं.

"पंधरा दिवस झाले," ती म्हणाली.

अतुलनं बाटली जमिनीवर ठेवली आणि म्हाताऱ्याची नाडी धरली.